खण कोणते ते आधी सांग

माझी भाची नववीत आहे आणि तिला गणिताचं वेड लागलंय. हे वेड आमच्या घराण्यात आधी कुणालाच नव्हतं, त्यामुळे आम्ही सगळे तिला जरा घाबरूनच असतो. दिवाळीला ताईकडची मंडळी आमच्याकडे नाशिकला आली तेव्हा चिवड्या-लाडवाच्या डब्यांबरोबर तिची एक जाडजूड वहीपण आली, आणि पहिल्या अंघोळीच्या सकाळी, अंगाला अजून उटण्याचा वास येतोय, केस ओले, अशी ती बाबांसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, दहा कबुतरं आहेत आणि नऊ खुराडी. सगळी कबुतरं खुराड्यात जाऊन बसली. तर एका तरी खुराड्यात दोन कबुतरं असणार की नाही?"

बाबांनी दिवाळी अंकातून डोकं वर न काढताच विचारलं, "मग?"

"मग काय आजोबा, असणार की नाही?"

"असणारच. त्यात विचारायचं काय? खण नऊ आणि पत्रं दहा असली तर एका खणात दोन पडणारच ना."

"तेच तर! ह्याला म्हणतात पिजनहोल प्रिन्सिपल."

आता मात्र अंक खाली आला. "पिजन होल? अगं आम्ही जन्मभर पिजन होलमध्ये पत्रं टाकली. त्याचं प्रिन्सिपलपण असतं हे आम्हाला कुणी बोललं नाही."

तर बाबा आरएमएसमध्ये सॉर्टर होते. आरएमएस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस, हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं. रेल्वेला एक लाल डबा जोडलेला असायचा, त्यात प्रवासी नाहीत, नुसती टपालाच्या बॅगा आणि चार-पाच माणसं, आणि डब्याच्या भिंतीला लागून लाकडी चौकटी, त्यात ओळीने चौकोनी खण. गाडी हलतेय, दिवा हलतोय, आणि माणूस उभ्याउभ्या डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा धरून उजव्या हाताने एकेक पत्र त्या त्या खणात सारतोय, पुढचं स्टेशन यायच्या आत. मी लहानपणी एकदाच आत डोकावलेलो, नाशिकरोडला गाडी थांबली होती तेव्हा. मला आठवतं ते म्हणजे लाखेचा आणि सुतळीचा वास, आणि बाबा पत्ता वाचतायत असं वाटतच नव्हतं, पत्र बोटांतून निघून आपोआप खणात जात होतं. त्या खणांना ते लोक पिजन होलच म्हणायचे. कबुतराचा विचार कुणाच्या डोक्यात नसणार.

गंमत म्हणजे गणितातलं तत्त्वपण मुळात कबुतरांचं नाहीच. डिरिक्ले नावाचा जर्मन गणितज्ञ होता एकोणिसाव्या शतकात, त्याच्या नावावर हे तत्त्व आहे, १८३४ साल सांगतात, आणि जर्मनमध्ये त्याचा शब्द आहे टेबलाचा ड्रॉवर, म्हणजे आपला खणच. इंग्रजीत पिजनहोल आलं ते बहुधा टेबलावरच्या कागद ठेवायच्या कप्प्यांवरून, आणि मराठीत कुणीतरी ते शब्दाला शब्द ठेवून कबुतरखाना करून टाकलं. झालं काय, तर मला मराठीतून हे पहिल्यांदा ऐकताना दादरचा कबुतरखानाच डोळ्यासमोर आला. तिथे कसले कप्पे न् कसलं काय, शेकडो कबुतरं आणि एक कुंपण, म्हणजे खण एक आणि कबुतरं अगणित. (२०२५ मध्ये तर महापालिकेने त्याच्यावर ताडपत्रीच घातली आणि त्यावरून जे रामायण झालं ते सगळ्यांना माहितीय.) मी आपला खणच म्हणतो. बाबांचा शब्द आहे आणि डिरिक्लेचापण.

आता खरं सांगायचं तर मला हे तत्त्व शाळेत असताना अजिबात आवडलं नव्हतं. नववीत की दहावीत, स्पर्धा परीक्षेच्या जादा तासाला एक प्रश्न आलेला: वर्गात ४० मुलं आहेत, तर किमान चार जणांचा वाढदिवस एकाच महिन्यात येतो हे सिद्ध करा. मी लिहिलं, "४० भागिले १२ बरोबर ३.३३, म्हणून चार." शून्य मार्क. वर लाल पेनाने 'का?' असं लिहिलेलं. मला वाटलं का म्हणजे काय, दिसतंय की! सरांनीपण वर्गात काही समजावलं नाही, पुढचं गणित घेतलं, आणि माझ्या मनात हे तत्त्व 'उघड गोष्ट उगाच सिद्ध करायला लावणारं' म्हणून कायमचं बसलं.

ते 'का' मला ३५ वर्षांनी भाचीने सांगितलं, चकली खाता खाता. म्हणाली, "मामा, तू दुश्मनासारखा विचार कर. तुला कुठल्याही महिन्यात चार होऊच द्यायचे नाहीयेत. तर तू जास्तीत जास्त काय करशील? प्रत्येक महिन्यात तीन-तीन बसवशील. बारा त्रिक छत्तीस. चार पोरं उरली हातात. आता ती कुठे टाकशील?" बस. हे एवढंच. सगळ्यात वाईट वाटणी करून बघायची आणि तरी दुश्मन हरतो हे दाखवायचं. माझ्या ३.३३ मध्ये हा दुश्मन नव्हता, नुसती सरासरी होती, आणि सरासरीला का विचारलं की ती गप्प बसते.

पण मला ह्या दिवाळीत जे कळलं ते वेगळंच. ते तत्त्व काहीच नाहीये. खरंच काही नाहीये, बाबा म्हणाले तसं शेंबड्या पोराला कळेल. सगळी मारामारी आहे ती खण कोणते हे ठरवण्याची. गणितात पत्रं समोर दिसतात, पण खणांवर लेबलं लावलेली नसतात, बऱ्याचदा खणच दिसत नाहीत, ते तुम्ही करायचे. आणि ते बरोबर केले की पुढचं गणित आपोआप, बाबांच्या बोटांतून पत्र सुटायचं तसं सुटतं.

उदाहरण म्हणून भाचीच्या वहीतलं पहिलं गणित सांगतो. १ ते १०० मधले कुठलेही ५१ आकडे उचला. त्यात दोन आकडे असे सापडणारच की ज्यांना १ सोडून दुसऱ्या कशानेही एकत्र भाग जात नाही. मी पंधरा मिनिटं मूळ संख्या मांडत बसलो, २, ३, ५, ७, कागद भरला. ती बघत होती आणि हसत होती. शेवटी म्हणाली, शेजारी-शेजारी. म्हणजे (१,२), (३,४), (५,६) असे पन्नास खण करायचे. आकडे ५१. एका खणातले दोन्ही आले, म्हणजे शेजारचे दोन आले, आणि शेजारच्या दोन आकड्यांना एकत्र भाग जाणार कशाने, त्यांच्यात फरकच एकाचा!

ह्या गणितामागे एक गोष्टपण आहे आणि ती मला फार आवडते. पॉल एर्डॉश हा हंगेरीचा जगप्रसिद्ध गणितज्ञ, १९५९ च्या उन्हाळ्यात त्याला सांगितलं गेलं की बुडापेस्टमध्ये एक पोरगा आहे, बारा वर्षांचापण नाही, फार हुशार आहे. लायोश पोशा त्याचं नाव. एर्डॉश त्याला भेटला, सोबत जेवायला बसले, आणि पोशा सूप पीत असताना एर्डॉशने हेच गणित घातलं. पोराने चमचा खाली ठेवला. अर्धा मिनिट गेलं असेल, आणि म्हणाला, "ते दोघं शेजारी आहेत." एर्डॉशने स्वतःच सांगून ठेवलंय की हे सोपं उत्तर सापडायला त्याला दहा मिनिटं लागली होती. मला पंधरा मिनिटांत सापडलं नाही, म्हणजे मी एर्डॉशच्या फारसा मागे नाही असं मी घरात सांगून पाहिलं. कुणी मान्य केलं नाही.

त्याच ५१ आकड्यांचं दुसरं गणित मात्र आणखी भारी आहे आणि त्यात बाबा ओढले गेले. त्यात सिद्ध काय करायचं, तर ५१ पैकी एका आकड्याने दुसऱ्याला पूर्ण भाग जातो. आता शेजारी चालत नाहीत, १४ ने १५ ला भाग कुठे जातो. खण पन्नासच हवेत पण वेगळे हवेत. भाचीने सांगितलं की प्रत्येक आकड्याला दोनाने भागत सुटायचं, भाग जात नाही तोपर्यंत, जो विषम आकडा शेवटी उरेल तो त्याचा खण. ९६ घे. ४८, २४, १२, ६, ३. म्हणजे ९६ गेला तीनच्या खणात. ४० घे: २०, १०, ५. पाचच्या खणात. १०० पर्यंत विषम आकडे पन्नास, म्हणून खण पन्नास.

बाबा मध्येच म्हणाले, "म्हणजे पिन."

"काय?"

"पिन कोड गं. पत्रावर पत्ता काही का असेना, गल्ली, बोळ, मारुतीच्या देवळामागे, अमक्याच्या वाड्यात, सॉर्टरला त्याचं काय करायचंय? तो नुसता पिन बघतो आणि खणात टाकतो. तुझ्या ९६ चा पिन तीन."

भाची क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो की." आणि मग एका पिनमधले कुठलेही दोन घेतले, समजा १२ आणि ९६, तर लहानाला दोनाने गुणत गेलं की मोठा येतोच, म्हणजे भाग गेलाच. झालं गणित.

पिनचा विषय निघाला की बाबांना थांबवणं अवघड असतं. ते १९६८ ला लागले आणि पिन आला १५ ऑगस्ट १९७२ ला, म्हणजे पहिली चार वर्षं त्यांनी बिनपिनची काढली. तेव्हा पोस्ट ऑफिसांच्या याद्याच्या याद्या पाठ कराव्या लागायच्या, कुठलं गाव कुठल्या लाइनवर, कुठल्या गाडीला पडतं. आणि एकेका नावाची गावं किती! वडगाव किती आहेत महाराष्ट्रात, नांदगाव किती, पिंपळगाव किती. पत्रावर नुसतं 'मु. पो. वडगाव' आणि खाली तालुका जिल्हा काही नाही, असलं पत्र हातात आलं की तेवढ्यापुरती बोटं थांबायची. (हेपण खण-कबुतरंच आहे म्हणा, गावं जास्त आणि सुचलेली नावं कमी.) हे सगळं ज्यांनी सहा आकड्यांत बसवलं ते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले कोकणातले, टपाल खात्यात मोठे अधिकारी आणि त्याहून मोठे संस्कृत कवी. पहिला आकडा देशाचा विभाग, दुसरा त्यातला पोटविभाग, तिसरा सॉर्टिंगचा जिल्हा, आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष पोस्ट ऑफिस. ४ म्हटलं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेशच्या बाजूला, ४२२ म्हटलं की नाशिक. देशात पोस्ट ऑफिसं दीड लाखाहून जास्त आणि पिन मात्र एकोणीस हजारांच्या आसपास, तर भाचीने लगेच सांगितलं की एखाद्या तरी पिनखाली किमान आठ ऑफिसं असणार. बाबा म्हणाले असतातच, त्याला गणित कशाला पाहिजे.

असो. मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलेलं गणित अंगणात झालं. बायकोने गेरू सारवून ठेवला होता आणि भोकांचा कागद अंथरून ठिपके काढले, उभे-आडवे, अकरा गुणिले अकरा. रांगोळी सुरू व्हायच्या आत भाची उकिडवी बसली आणि म्हणाली, "मामी, तू ह्यातले कुठलेही पाच ठिपके निवड. मी न बघता सांगते, त्यातल्या कुठल्यातरी दोघांच्या बरोब्बर मधोमध एक ठिपका असणार." बायकोने मुद्दाम वाकडेतिकडे, लांबलांबचे पाच निवडले, त्यावर हळद-कुंकवाची बोटं लावली. आणि होताच. एका कोपऱ्यातला आणि एक पार पलीकडचा, त्यांच्यामध्ये दोरी धरली तर दोरीच्या मध्यावर ठिपका. परत पाच निवडले. परत तेच. मग माझ्या मुलाने प्रयत्न केला, अठरा वर्षांचा आहे, त्याला वाटतं आपण जग हरवू शकतो, तोही हरला.

खण कुठले असतील इथे? मी विचार करत होतो की अंगणाचे चार भाग करायचे असतील, इकडचा कोपरा, तिकडचा कोपरा. तसं नाहीये. ठिपक्याचा रकाना सम की विषम, आणि ओळ सम की विषम, एवढंच बघायचं. सम-सम, सम-विषम, विषम-सम, विषम-विषम. चार खण. पाच ठिपके, म्हणजे दोन एका खणात. आणि एका खणातल्या दोघांमधलं अंतर आडवंही सम आणि उभंही सम, त्यामुळे अर्धं केलं की पूर्ण आकडाच येतो, मध्ये ठिपका असतोच. म्हणजे जे दोन ठिपके अंगणाच्या दोन टोकांना आहेत ते एका खणात असू शकतात आणि जे एकमेकांना चिकटून आहेत ते वेगवेगळ्या खणांत. चार ठिपक्यांना मात्र हे लागू नाही, एका छोट्या चौकोनाचे चार कोपरे घेतले की चारही वेगळ्या खणांत जातात. पाचवा आला की संपलं. इतकी वर्षं मी दारातल्या ठिपक्यांवरून उड्या मारून जातोय आणि मला हे माहीत नव्हतं. बायकोने मात्र एवढंच म्हटलं, "झालं का तुमचं? मला रांगोळी काढायचीय."

एक गणित तिने थेट बायकोसाठी आणलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीतल्या पंचवीस बायका जमल्या असं धरू. कुणी नवीन राहायला आलेली, कुणी जुनी. तर त्यात दोघीजणी अशा असणारच की त्या खोलीतल्या सारख्याच संख्येच्या बायकांना ओळखतात. (ओळख दोन्हीकडून धरायची हां, मी तुला ओळखते आणि तू मला नाही हे नाटक नाही.) आता एकीच्या ओळखी शून्य ते चोवीस, म्हणजे खण पंचवीस आणि बायका पंचवीस. बरोबरी झाली, तत्त्व काही चालत नाही. मी म्हटलं चुकीचं गणित आहे. तर भाची म्हणे नीट बघ, शून्य ओळखीची आणि चोवीसही ओळखीची ह्या दोघी एकाच खोलीत बसू शकतील का? जी सगळ्यांना ओळखते ती त्या एकटीलापण ओळखते, मग ती एकटी कुठे राहिली? म्हणजे त्या दोन खणांपैकी एक रिकामाच राहणार. खण उरले चोवीस. माझं काय, मी खण मोजतो आणि सोडून देतो, खण खरंच वापरात आहे का ते बघत नाही. बायको म्हणाली जी सगळ्यांना ओळखते ती आमच्या बिल्डिंगमध्ये कोण ते सांगायची गरज नाही.

एवढ्यात मला माझं सहावीतलं एक पाप आठवलं. १ भागिले ७. शून्य पॉइंट एक चार दोन आठ पाच सात, आणि पुढे पुढे. मला वाटायचं कधीतरी संपेल, आपण अजून थोडं पुढे गेलं पाहिजे, आणि मी वहीची दोन पानं भरून भागाकार केला होता, समासातसुद्धा. आई म्हणाली झोप आता. तर त्या पानांवर खण होते आणि मी ते बघितले नव्हते. ७ ने भागताना बाकी उरणार कोणती? एक ते सहा. (शून्य उरली तर भागाकार संपलाच.) बाकीच्या बाक्या बघा, १, ३, २, ६, ४, ५, आणि सातव्यांदा? सहाच खण आहेत, सातवी बाकी आधीच्या कुठल्यातरी खणात पडणारच, आणि पडली की तिथून पुढे तोच पाढा, १४२८५७, १४२८५७. म्हणजे कुठल्याही अपूर्णांकाचा दशांश एकतर संपतो नाहीतर फिरून फिरून तेच येतं, तिसरा रस्ता नाही. १७ ने भागलं तर सोळा आकड्यांनंतर फिरतं, सगळे खण भरूनच. मी दोन पानं भरली ती सातव्या पायरीला थांबवता आली असती. कुणी सांगितलं असतं तर.

आता ज्याच्यावरून घरात खरा वाद झाला ते. हे तत्त्व सांगतं की 'आहे'. कोण आहे, कुठे आहे, ते सांगत नाही. डोक्यावरच्या केसांचं नेहमीचं उदाहरण घ्या. माणसाच्या डोक्यावर केस साधारण एक ते दीड लाख, आपण सढळ हाताने दोन लाख धरू. नाशिक शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार. खण शून्यापासून दोन लाखांपर्यंत, माणसं त्याच्या सातपटीहून जास्त. म्हणजे नाशकात किमान आठ माणसं अशी आहेत की ज्यांच्या डोक्यावरच्या केसांची संख्या तंतोतंत सारखी आहे. एक केससुद्धा कमी-जास्त नाही. हे कबुतरांच्याही आधीचं आहे बरं का, लरशों नावाच्या एका फ्रेंच पाद्रीने १६२२ मध्येच लिहून ठेवलंय की दोन माणसांच्या डोक्यावर सारखेच केस असणारच, म्हणजे डिरिक्लेच्या दोनशे वर्षं आधी.

बाबा (जे शून्याच्या खणाच्या अगदी दारात आहेत) म्हणाले, "कोण आठ?"

"ते नाही सांगता येणार आजोबा."

"मग उपयोग काय? मी इन्स्पेक्टरला म्हटलं असतं, साहेब, दोन पत्रं एकाच खणात आहेत एवढं नक्की, कुठली ते विचारू नका, तर त्याने मला गाडीतून खाली उतरवलं असतं."

मला वाटतं बाबांचं बरोबर आहे आणि भाचीचंपण. बाबांचं काम होतं हे पत्र कुठल्या खणात, एवढंच, प्रत्येक पत्राला एकेकटं उत्तर. भाचीला एकाही पत्राचा पत्ता वाचायचा नाहीये, तरी ती गठ्ठ्याकडे बघून काहीतरी खात्रीने बोलू शकते. एकही केस न मोजता. मला ह्यात थोडी भीतीपण वाटते खरं तर, इतकं पक्कं माहीत असणं आणि बोट दाखवता न येणं.

आणि पक्कं म्हणजे पक्कं, 'बहुतेक' नाही. इथे मी एकदा तोंडावर आपटलोय. कुठेतरी वाचलेलं की २३ जण जमले की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असायची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि ४० जण असले तर जवळजवळ ८९ टक्के. आमच्या ऑफिसमध्ये बरोब्बर ४० जण. मी जेवणाच्या सुट्टीत छाती काढून मिसळीची पैज लावली. सगळ्यांच्या तारखा कागदावर घेतल्या. चाळीस तारखा, चाळीसही वेगळ्या! मिसळ, वर ताक, सगळं माझ्या खिशातून. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, ते प्रोबॅबिलिटीवाले. आम्ही पैज लावली तर ३६७ माणसं घेऊन लावतो." २९ फेब्रुवारी धरून दिवस ३६६, त्यामुळे ३६७ वा माणूस आला की सुटका नाही. पण ३६७ जणांना मिसळ कोण घालणार.

बाबा म्हणाले तू माझ्या पेन्शनरांच्या ग्रुपवर पैज लावायचीस. कारण त्या ग्रुपवर १ जूनला नुसता महापूर असतो. बाबांचा वाढदिवस १ जून, त्यांच्या दोन मित्रांचा १ जून, आणखी कुणाकुणाचा १ जून. हे काय आहे ते त्या पिढीतल्या घरांत सगळ्यांना माहीत असतं, शाळेत नाव घालायला नेलं, जन्मतारीख कुणाला माहीत नाही, मास्तरांनी आपल्या मनाने १ जून टाकून दिली, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची म्हणून. आजी सांगायची बाबा श्रावणात झाले, धो धो पाऊस होता. पण कागदावर १ जून. ३६५ खण मोकळे असताना अख्खी पिढी एकाच खणात कोंबलेली. त्या दिवशी सकाळी बाबांचा फोन चार्जिंगला लावूनच ठेवावा लागतो, एकमेकांना 'जन्मदिनाच्या हार्दिक शुभेच्छा' आणि तेच गुलाबाचं चित्र.

पाडव्याच्या दिवशी जेवणं झाली, सगळे आडवे व्हायच्या बेतात, आणि भाचीने शेवटचं काढलं. हे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमधलं पहिलं गणित आहे म्हणे, पोलंडमध्ये झालं होतं. (बाबा लगेच: "पिनचंच वर्ष.") दोन आकडी दहा वेगवेगळ्या संख्या घ्या, कुठल्याही. त्यातून दोन गट असे निघणारच की ज्यांची बेरीज सारखी, आणि एकही संख्या दोन्हीकडे नाही. आणि आम्ही घरात त्या दिवशी होतो बरोब्बर दहा जण. आत्या ८३, बाबा ७९, आई ७४, भावोजी ५४, ताई ५१, मी ४९, बायको ४५, भाचा २२, माझा मुलगा १८ आणि भाची १५. वयं सगळी दोन आकडी, सगळी वेगळी.

गट किती होतील? प्रत्येक माणूस गटात आहे किंवा नाही, दोन-दोन पर्याय, दहा वेळा, १०२४, त्यातला रिकामा गट काढला की १०२३. आणि बेरजा किती होतील? बाबांनी सगळ्यांची वयं पाकिटाच्या पाठीवर मांडून बेरीज केली, ४९०. म्हणजे कुठल्याही गटाची बेरीज ४९० च्या वर जात नाही. गट १०२३, खण ४९०. दोन गट एका खणात पडणारच, आणि दोन्हीकडे एखादा माणूस सारखा असेल तर त्याला दोन्हीकडून उठवायचं, बेरीज तेवढीच कमी होते. ऑलिम्पियाडमध्ये इतकं लिहिलं की संपलं.

"पण कोण?" बाबा.

ह्या वेळी मात्र भाची म्हणाली, "शोधू या ना." आणि पाकीट मध्ये ठेवलं. दहा मिनिटांत माझ्या मुलाला सापडलं: ताई आणि तो, ५१ आणि १८, ६९. भावोजी आणि भाची, ५४ आणि १५, ६९. मग बाबांना सापडलं, ते आणि भाची मिळून ९४, आणि मी आणि बायको मिळून ९४. बाबा एकदम खूश, म्हणाले आम्ही दोघं तुम्हा दोघांच्या बरोबरीचे. एवढा वेळ आत्या आरामखुर्चीत डोळे मिटून होती, आम्हाला वाटलं झोपली. ती म्हणाली, "मला नाही घेतलं वाटतं कुणी."

बाबांनी चष्मा पुसला आणि परत पाकीट ओढलं. आता आत्याला बसवल्याशिवाय ते उठणार नव्हते. एकटे ८३ करून बघितले, नाही. ८३ आणि १५ करून बघितलं, तेही नाही. पेन्सिल ओठाला लावून बसले, मी तो चेहरा बऱ्याच वर्षांनी बघत होतो. मग पटकन काहीतरी लिहिलं आणि पाकीट भाचीकडे सरकवलं. आत्या आणि भाचा, ८३ आणि २२, १०५. भावोजी आणि ताई, ५४ आणि ५१, १०५.

"आत्याआजी, तू आणि दादा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला दादाचे आईबाबा," भाचीने ओरडून सांगितलं, कारण आत्याला कमी ऐकू येतं.

आत्याने भाच्याकडे बघितलं, तो तिचा लहानपणापासून लाडका. म्हणाली, "बरोबरे. त्या दोघांना आम्ही दोघं पुरून उरतो."

"उरत नाही गं आत्याआजी," भाची म्हणाली, "बरोब्बर होतं."